तिसरं पेडल

बिरागोने गाडीचं दार उघडलं, काठी मागच्या सीटवर टाकायला ती वाकली आणि तिथेच थबकली. ड्रायव्हरच्या पायाशी दोन पेडलं असायची, तिथे तीन होती. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. तीनच होती. मधे जिथे अक्षरांच्या पट्टीवर सरकणारा आखूड दांडा असायचा, तिथे काळ्या गोट्याचा लांब दांडा उभा होता. त्याच्या बुडाशी पत्रा कापून नवा जोडला होता आणि त्यावरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता.

सुआमेत याचं कुणाला नवल नाही. कुमासी शहराच्या या टोकाला नजर पोचेल तिथवर गॅरेजंच गॅरेजं. बोटीने आलेल्या जुन्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उपटायचा आणि क्लचवाला बसवायचा, हा तिथला रोजचा धंदा. टॅक्सीवाले तर ऑटोमॅटिकचं नाव काढलं की नाक मुरडतात. म्हणतात, पेट्रोल ढोसते, आणि एकदा बिघडली की देवालाही उघडता येत नाही. तेव्हा दोन पेडलांची आत गेलेली गाडी तीन पेडलांची होऊन बाहेर आली, तर लोक फिटरची पाठच थोपटतात.

पण बिरागोचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. मांडीखाली नुसता लोंबत असायचा, टेकला तर टेकला. क्लच दाबायला डावाच पाय लागतो. म्हणजे बघा, गाडी कुणी चोरली नव्हती, विकली नव्हती, ती धुऊनपुसून तिच्यासमोर उभी होती. आणि तरी ती तिच्याकडून काढून घेतलेली होती.

मास्टर बादू शेडच्या खांबाला टेकून फडक्याने हात पुसत होता. हात कधीचेच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता. हा मास्टर काही परका नव्हे. बिरागोच्या बापाचा जन्माचा दोस्त, ती लहान असताना तिला खांद्यावर बसवून फुटबॉलचे सामने दाखवायला नेणारा. दुसऱ्या कुणा फिटरच्या हाती तिने गाडी दिलीच नसती.

त्याने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. जुना गिअरबॉक्स आतून जळला होता म्हणे. तसला दुसरा मिळत नाही. हा बसवलाय तो दणकट आहे, दहा वर्षं बघायला नको. बिरागोने सगळं ऐकून घेतलं. तिने गाडी आणली होती ती एवढ्याचसाठी की गिअर बदलताना गाडी जरा अडखळायची, तेल बदलून बघा म्हणून. सर्दी झाली म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्याने पाय कापून हातात द्यावा, तसली ही गत.

"मास्टर," ती म्हणाली, "माझा पाय तुम्हाला माहीत नाही का?"

मास्टर फडक्याची घडी करायला लागला.

तिने हिशेब विचारला. तो म्हणाला, भागला आहे. कुणी भागवला म्हणून विचारलं तर त्याने मान फिरवली आणि म्हणाला, "ते मला विचारू नकोस पोरी. मी सांगायचा माणूस नाही." बस्स, तेवढ्याने तिला जे कळायचं ते कळलं. निदान तिला तसं वाटलं. हे काम अम्पोमा आत्याचं आणि तिच्या लाडक्या ओबेंगचं. दुसरं कुणाचं असणार?

ओबेंग हा बिरागोचा आतेभाऊ. दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा, ती मालकाने काढून घेतली, तेव्हापासून घरात बसून होता आणि मामाने पोरीला दिलेल्या निळ्या गाडीकडे बघून उसासे टाकत होता. त्याचंही अगदीच चुकलं असं नाही. रीत अशी की माणूस आपल्या आईच्या कुळाचा. मामाचं जे असेल ते भाच्याचं, पोरांनी त्यावर डोळा ठेवायचा नाही. पण बापाला आपल्या हयातीत पोरीला काही द्यावंसं वाटलं, तर त्यालाही वाट आहे. चारचौघांत द्यायचं. पोरीने चारचौघांत आभाराच्या बाटल्या पुढे ठेवायच्या. बसलेल्यांनी एकेक घोट घ्यायचा. घोट घशाखाली उतरला की दान पक्कं झालं. मग देणाऱ्याला परत मागायला तोंड राहत नाही. घेणाऱ्याने आपण होऊन "नको" म्हटलं तरच ते मागे फिरतं.

निळी गाडी अशीच रीतसर बिरागोची झाली होती. तिने श्नाप्सच्या, विलायती दारूच्या, दोन बाटल्या ठेवल्या होत्या, सीलबंद, चांगल्यापैकी. मास्टर बादूने घोट घेतला होता. अम्पोमा आत्यानेही घेतला होता, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून का होईना, पण घेतला होता.

"चला," बिरागो मास्टरला म्हणाली. "गाडी बाहेर काढा. बाबांकडे जायचं. जे काही सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगा."

मास्टर म्हणाला, आज राहू दे, ऊन फार आहे. पुढच्या आठवड्यात बोलू.  ती वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली आणि स्वतःच्या गाडीत पाहुण्यासारखी शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

सुआमेच्या चौकातून बांतामाकडे, बापाच्या घरी, निघाले तशी मास्टरने एकदा क्लच दाबला, पुन्हा दाबला, आणि दर खेपेला बिरागोचा डोळा त्याच्या डाव्या पायाकडे गेला. साधी चामड्याची चप्पल घातलेला पाय. काय करत होता तो? नुसता खाली जात होता आणि वर येत होता. एवढ्याशा गोष्टीसाठी आपलं सगळं अडलं म्हणून तिला संताप आला.

गाडी यायच्या आधीचे दिवस ती विसरली नव्हती. ताफोला आईच्या घरामागे तिची पावाची भट्टी. पहाटे पाव निघायचे आणि टोपल्या घेऊन ती रस्त्याला उभी राहायची. ट्रोट्रोवाले, म्हणजे भाड्याच्या मिनीबसवाले, लांबून टोपल्या बघून वेग कमी करायचे आणि जवळ आल्यावर काठी बघून पुढे काढायचे. कंडक्टर पोरं दारातून ओरडायची, मावशी, मागची घे, मागची रिकामी आहे. मागची कधी रिकामी नसायची. पाव गार व्हायचे, दुकानदारांची बोलणी खावी लागायची, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या भट्टीवाल्याकडे जायचं.

मग बाप उठला आणि तेमा बंदरावर गेला. त्याला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. उन्हात गाड्यांच्या रांगांमधून फिरला आणि प्रत्येक दलालाला एकच प्रश्न विचारत सुटला: "हिला डावा पाय लागतो का?" दलाल हसले. म्हातारबाबा, गाडी घ्यायला आलात की बायको बघायला, म्हणाले. याने कुणाचं काही मनावर घेतलं नाही. शेवटी ही निळी मिळाली, जर्मनीतून आलेली. मागच्या काचेवर तिकडच्या भाषेतली कसली तरी चिठ्ठी चिकटवलेली होती. बापाने ती कधी काढू दिली नाही, म्हणायचा, शुभ असेल. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तो तिच्या शेजारी, आत्ता ती बसली होती त्याच सीटवर, दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसायचा आणि सांगायचा, हळू, हळू, उजवा पाय हळू. डावा आपल्याला लागतच नाही.

डावा आपल्याला लागतच नाही. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ती चेष्टेने त्याला त्याच नावाने हाक मारायची.

तेव्हा गाडीत बसल्या बसल्या तिला रागासोबत एक धीरही होता. बाप आता थकला होता, आजारपणानंतर त्याचा उजवा हात थरथरायचा, पण आवाज होता. त्याला हे कळलं, की तो आवाज आत्यावर आणि ओबेंगवर कसा कडाडतो ते बघायचं, मग मास्टर मुकाट्याने जुना डबा शोधून आणेल आणि जागच्या जागी बसवेल. तिने मास्टरला तसं बोलूनही दाखवलं. मास्टर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. एकदाच म्हणाला, "पोरी, जुना बॉक्स मी विकलेला नाही. शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलाय. चालू आहे तो." आधी म्हणाला होता जळला. बिरागोने त्याला खोटारडा म्हटलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं.

घराबाहेर कुंपणाच्या भिंतीला लागून गाडी उभी केली. आत अंगणात आंब्याखाली म्हातारा तवियाह, बिरागोचा बाप, खुर्चीत बसला होता. अम्पोमा आत्या स्टुलावर बसून अळूची पानं निवडत होती. ओबेंग पायरीवर बूट पुसत होता. घरात बसलेल्या माणसाला बूट कशाला लागतात, असं बिरागोच्या मनात आलं.

तिने वाकून बापाला, मग आत्याला नमस्कार केला, कारण काही झालं तरी रीत ती रीत. मग बसायच्या आधीच म्हणाली, "बाबा, माझ्या गाडीची मास्टरांनी वाट लावली. कुणाच्या सांगण्यावरून, ते तुम्हीच विचारा त्यांना."

आणि ती आत्याकडे रोखून बघत राहिली. आता आवाज चढेल, मग चढेल.

आवाज चढला नाही. म्हाताऱ्याने आधी तिला पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाला, बस, दमलीयस. मग थरथरता हात मांडीवर दाबून, जमिनीकडे बघत, सावकाश बोलला.

"हे बघ पोरी, तीन पेडलांची गाडी तुला कशी झेपायची? ओबेंगला चालवू दे. रोज पहाटे तोच तुझे पाव पोचवील. तू आपली बस मागे, आरामात."

बिरागोच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. गाडी भिंतीच्या पलीकडे होती. या खुर्चीवरून गाडीचं टपसुद्धा दिसत नव्हतं. आणि तिने अजून पेडलाचं नावही काढलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तीन पेडलं तुम्हाला कुणी सांगितली?"

आत्याचे हात थांबले. ओबेंग बुटाकडे बघत राहिला, जणू त्यात कुणी बसलंय. मास्टर बादू फाटकाशीच उभा होता, तो तिथूनच म्हणाला, "तवियाह, आता तूच सांग. माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. तुझ्या शब्दाखातर मी एवढं केलं, पुढचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

 मग बोलली ती आत्या. आडपडदा नव्हता तिच्याकडे, एवढं तिचं मान्य करायला हवं. ती म्हणाली की ईस्टरला कूळ जमलं होतं. तवियाहचं आता काय, आज आहे उद्या नाही, तेव्हा त्याच्या मातीचं बोलणं निघालं. पुरणार कोण, कूळच पुरणार. मंडप, माणसं, सुतकाची तांबडी-काळी वस्त्रं, जेवणं, सगळं कुळाने करायचं. आणि जी एक चीज कुळात यायची ती बसलीय ताफोला, दुसऱ्या कुळाच्या पोरीच्या दारात, पाव वाहतेय. सख्खा भाचा इकडे हात हलवत फिरतोय. तेव्हा मंडळी म्हणाली, गाडी जिला दिली तिनेच पुरावं त्याला. आम्ही येऊ, बसू आणि उठून जाऊ.

"यात माझं काय चुकलं?" आत्या म्हणाली आणि पुन्हा पानं निवडायला लागली.

तिचं खरंच काही चुकलं नव्हतं. आत्या आपल्या कुळासाठी भांडली, आणि भांडणाऱ्याचं निदान तोंड दिसतं. बिरागो बापाकडे बघत होती.

"मला बेवारशासारखं पुरतील, बिरागो," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मी किती जणांच्या मातीला गेलो. किती मंडपांत बसलो. माझ्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतील."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय तोंडाने सांगू? तू आभाराच्या बाटल्या ठेवल्या होत्यास. या आंब्याखालीच ठेवल्या होत्यास. दिलेलं परत मागू?"

"म्हणून मास्टरांना निरोप धाडलात."

 मास्टरने मान हलवली. हो, निरोप म्हाताऱ्यानेच धाडला होता, बोलावून घेऊन सांगितलं होतं, आणि पैसे ओबेंगने आणून दिले होते. पोर स्वतःच म्हणेल नको, असं म्हाताऱ्याचं गणित. साप मरावा आणि काठीही तुटू नये. मागावं लागणार नाही, नाही म्हणावं लागणार नाही, दानही मोडणार नाही. पोरगी येईल, तीन पेडलं बघेल, कपाळाला हात लावेल आणि आपण होऊन म्हणेल की बाबा, ही आता माझ्या काय कामाची, ओबेंगला द्या.

आणि तेव्हा कुठे बिरागोला खरं लागलं. गाडीचं नाही. गाडी गेली तर गेली, लोखंड ते. पण ही युक्ती आत्याच्या डोक्यात आली नसती. ओबेंगच्या बापजन्मी आली नसती. त्यांनी फार तर किल्ल्या लपवल्या असत्या, टायर काढून नेले असते. गाडी न हलवता तिच्यापासून नेमकी कशी काढून घ्यायची, हे साऱ्या कुमासीत एकाच माणसाला ठाऊक होतं. जो उन्हातान्हात दारोदार विचारत फिरला होता की हिला डावा पाय लागतो का, त्याला. माया करताना जे शिकला, तेच त्याने गळा कापायला वापरलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. इतकं फसल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, पाय गेला तेव्हाही नाही. तो ताप होता, त्याला कुठे तिचं नाव ठाऊक होतं.

"तुम्ही मागितली असतीत," ती म्हणाली, "तर मी भांडले असते. रडले असते. चार दिवस जेवले नसते. पण तुम्ही मागितली असतीत, बाबा."

मास्टर पुढे आला. आता त्याला बोलल्याशिवाय राहवेना. म्हणाला, पोरी, ऐक, जुना बॉक्स आहे. उद्या सकाळी बसवतो, संध्याकाळपर्यंत गाडी तुझ्या दारात. गाडी तुझी आहे. मी घोट घेतलाय, मी कुठेही सांगेन, कोर्टात सांगेन.

"बसवाल तुम्ही," बिरागो म्हणाली. "गिअरबॉक्स बसवाल. बाबांना कुठल्या गॅरेजात न्यायचं?"

मास्टर मागे सरला.

तिने डोळे पुसले आणि खुर्चीसमोर नीट उभी राहिली, काठीवर भार देऊन. म्हणाली, आता मी विचारते त्याचं चारचौघांत उत्तर द्या. एकच शब्द बोलायचा आहे तुम्हाला. गाडी बिरागोची, एवढं म्हणा. मास्टर उद्या ती पहिल्यासारखी करतील, आणि तुमच्या मातीला कुणी आलं नाही तरी मी तो मंडप भरून दाखवीन, ताफोचे सगळे पाववाले आणून बसवीन. नाहीतर गाडी ओबेंगची म्हणा. पण म्हणा तुम्ही. माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. मी नको म्हणणार नाही.

 ओबेंगने बूट खाली ठेवला. म्हाताऱ्याने आधी बहिणीकडे बघितलं, मग फाटकाकडे. बिरागो वाट बघत होती. मूर्खपणा म्हणा हवा तर, पण त्याही घडीला तिला वाटत होतं की बाप तिचंच नाव घेईल. सगळं एकीकडे आणि बाप एकीकडे, असं वाटायची तिला सवयच होती.

"ओबेंगला दे," तो म्हणाला.

फार हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

बिरागोने मान डोलावली. मास्टरकडून गाडीची किल्ली मागून घेतली, ओबेंगच्या पायरीवर ठेवली. ओबेंग घाईने उचलायला गेला तर म्हणाली, थांब. व्यवहार अजून पुरा झाला नाही. दिलेलं परत घेतलं, तर घेतलेलंही परत द्यावं लागतं.

"माझे आभार परत द्या, बाबा. दोन बाटल्या. ज्यांच्या देखत दिले होते त्यांच्या देखत."

आत्या म्हणाली, एवढंच ना? तिला ते स्वस्तातच सुटल्यासारखं वाटलं असावं. तिने ओबेंगला दुकानावर पिटाळलं. म्हातारा मात्र खुर्चीत एकदम लहान झाला. त्याला कळलं होतं. गाडी परत घेणं एक आणि पोरीचे आभार परत करणं वेगळं. ते कुणी केल्याचं बांतामात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ओबेंग आला तो गावठी दारूच्या दोन बाटल्या घेऊन, कागदाच्या बुचाच्या. बिरागोने त्या बघितल्या आणि म्हणाली, माझ्या सीलबंद होत्या. श्नाप्स होतं. जा. तो आईकडे बघून पुन्हा गेला.

 तो येईपर्यंत एकदा म्हातारा म्हणाला, "तू गाडी फार छान चालवायचीस. या फाटकातून मागे घ्यायचीस ना, मी इथून बघायचो." बिरागोने ऐकलं. तिला वाटलं आपण आता मोडून पडणार, म्हणून ती आंब्याच्या खोडाला टेकली आणि ताफोच्या कणकेचा विचार करायला लागली. उद्याचं पीठ मळायचं राहिलं होतं.

सीलबंद बाटल्या आल्या. मास्टर बादूने त्या घेऊन म्हाताऱ्याच्या हातात दिल्या आणि म्हाताऱ्याने पोरीच्या. देताना एक बाटली दुसरीवर वाजत राहिली, इतका त्याचा हात हलत होता. तिने त्या पिशवीत ठेवल्या. आत्याने विचारलं, आता फोडून घोट घ्यायचा का सगळ्यांनी? बिरागो म्हणाली, नाही आत्या, हे पिण्यातलं नाही.

मास्टर म्हणाला, चल, सोडतो घरी. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. या माणसाला क्षमा करता येईल की नाही, हे तिचं तिला अजून कळत नव्हतं, आणि आज ते ठरवायची तिला घाईही नव्हती. काठी घेऊन ती फाटकाकडे निघाली, तशी मागून बापाने हाक मारली.

"बिरागो, रविवारी येशील ना?"

ती थांबली. वळली.

"येईन, बाबा. ट्रोट्रोने येईन, तेव्हा उशीर होईल." मग म्हणाली, "आणि तुमचा दिवस आला की शवपेटी मीच आणीन. बापाची पेटी पोरांनीच आणायची, रीत आहे ती. चांगल्या लाकडाची आणीन. आणि एकदा दिली की ती मी कुणाच्या हातून उकरून परत घेणार नाही."

आत्याच्या हातातली पानं टोपलीत पडली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, मैदानावर दाराची कडी धरून बसायचा तसे.

बाहेर भिंतीशी निळी गाडी उभी होती, मागच्या काचेवर तिची परकी चिठ्ठी अजून तशीच होती. बिरागो तिच्या बाजूने पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिली. एक ट्रोट्रो वेग कमी करत जवळ आली, कंडक्टरने काठी बघितली आणि ओरडला, मावशी, मागची घे.

ती मागचीची वाट बघत उभी राहिली.